दहा ते पाच

"दहा ते पाच," मॅडम वाचत होत्या. पान उलटलं. "दहा ते पाच. दहा ते पाच. सुट्टी. दहा ते पाच."

मस्टर माझं, टेबल माझं, ज्या खुर्चीवर त्या बसल्या होत्या ती खुर्चीही माझी. मी मात्र समोर उभा. मॅडम पेन्शन कार्यालयातल्या तपासनीस होत्या. चहाला नको म्हणाल्या, पंखा वाढवायला नको म्हणाल्या. पाण्याची बाटली स्वतःची, पेनही स्वतःचं. बत्तीस वर्षं इस्पितळाचं स्टोअर सांभाळल्यावर मला एवढं कळतं, की जो माणूस टेबलावरचं पेन उचलत नाही, तो दुसरं काहीतरी उचलून न्यायला आलेला असतो.

"या सगळ्या सह्या याच गृहस्थांच्या?"

"हो."

"रोज येतात?"

"रोज. सुट्टी सोडून."

"पगार काय देता?"

"छे हो, मॅडम. एक पैसा नाही. फुकट काम करतो बिचारा."

'बिचारा' मी मुद्दाम घातला होता. त्यांनी तो घेतला नाही. 'काम करतो' एवढंच लिहून घेतलं.

"आत्ता कुठे आहेत?"

फिटर आत्ता माझ्यापासून आठ फुटांवर होता. तीन नंबरच्या रॅकमागे एका जुन्या स्ट्रेचरवर, गुडघे वर घेऊन, छताकडे डोळे लावून उताणा पडला होता. परक्या बाईचा आवाज ऐकून त्याने श्वास धरला असणार, कारण एरवी पाठ धरली की तो नाकाने बारीक शिट्टीसारखा आवाज करतो, आणि तो आवाज येत नव्हता. मी फक्त रॅककडे बोट दाखवायचं होतं. मॅडम चार पावलं चालल्या असत्या, बघितलं असतं, वही मिटून घरी गेल्या असत्या.

"वर गेलाय," मी म्हणालो. "दुसऱ्या मजल्यावर. ट्रॉली अडकली म्हणून बोलावणं आलं."

"लिफ्टने गेले?"

लिफ्ट आठवडाभर बंद होती, आणि तसा कागद माझ्याच अक्षरात दाराशी चिकटवलेला होता.

"जिन्याने."

मॅडमनी लिहिलं. समोरच्याचं लिखाण उलटं वाचायची कला स्टोअरकीपरला येतेच. 'जिने चढतो. ट्रॉल्या दुरुस्त करतो. पूर्ण वेळ.'

मस्टरच्या पानांचे फोटो काढून त्या गेल्या. जिन्यापर्यंत पावलं वाजली, विरली, आणि मग रॅकमागून शिट्टी सुरू झाली.

"गेल्या का?" फिटरने विचारलं.

"गेल्या."

"वाचवलंत, साहेब. अशा अवतारात बघितलं असतं म्हणजे लाजच गेली असती."

मलाही तेव्हा वाटलं, वाचवलं.

*

फिटर म्हणजे कारखान्यातला फिटर. सव्वीस वर्षं एकाच कारखान्यात. एके दिवशी क्रेनची साखळी सुटली आणि पोलादी पत्रा त्याच्या पाठीवर आला. मणक्यात चार स्क्रू घालावे लागले. "माझ्यात चार स्क्रू आहेत, पण एकही ढिला नाही," हे तो प्रत्येक नव्या नर्सला सांगायचा, आणि जुन्या नर्सा ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसायच्या. त्या स्क्रूंवर त्याला अपंगत्वाची पेन्शन लागली होती. 'कामास कायमचा असमर्थ' असं त्या कागदावर लिहिलेलं. घरभाडं आणि त्याची औषधं पेन्शनमधून निघत. पोटाचं बायकोच्या इस्त्रीवर. ती एका लॉन्ड्रीत सकाळपासून उभी असते.

आमच्याकडे तो व्यायामाला यायचा. व्हरांड्यात नंबर लावून बसला असताना चौदा नंबरची व्हीलचेअर समोरून गेली. ती खुर्ची तेव्हा अशी किंचाळायची, की वॉर्डातले पेशंट ती आली की डोळे मिटून घ्यायचे. फिटर उठला, काठी टेकत माझ्या दारात आला आणि म्हणाला, "एक पाना द्या आणि एक ब्लेड. तेल असेल तर थेंबभर."

पुढचं छोटं चाक त्याने काढलं. आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळून गुंडाळून दगडासारखा गोळा झालेला. तो त्याने ब्लेडने कापून काढला, कांद्याचे पापुद्रे काढावेत तसा. चाक बसवलं, बोटाने ढकललं. खुर्ची मांजरासारखी गेली. मी डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे सामानाच्या नोंदवहीत, त्या खुर्चीपुढे 'नादुरुस्त' लिहून ठेवलं होतं. ते खोडताना मला झालेला आनंद कोणाला सांगण्यासारखा नाही.

दुसऱ्या दिवशी तो परत आला, आणि आल्या आल्या विचारलं, "साहेब, हजेरी कुठे लावायची?"

"पगार नाही, तर हजेरी कसली?"

"पगार नाही ते बरोबर आहे. पण हजेरी नाही म्हणजे मग मी आलोच नाही."

हे दुसऱ्या कोणाला वेडेपणाचं वाटलं असतं. मी पडलो रकाने आखणारा माणूस. मी कोरी वही काढली, लाल पेन्सिलीने चार रकाने आखले. तारीख, आगमन, निर्गमन, सही. आगमन आणि निर्गमन यांच्यामध्ये काय झालं, यासाठी रकाना आखायचं त्यालाही सुचलं नाही आणि मलाही नाही.

मध्ये व्हायचं ते असं. वीस मिनिटं तो बसून काम करायचा. विसाव्या मिनिटाला डावा हात मांडीवर यायचा, बोलणं बंद व्हायचं, वरच्या ओठावर घाम. मग तो उठून रॅकमागे जायचा आणि चाळीस मिनिटं आडवा. पुन्हा वीस मिनिटं. ते स्ट्रेचर मी दोन वर्षांपूर्वी निर्लेखित केलं होतं, म्हणजे कागदोपत्री भंगारात काढलं होतं. ते गेलं नव्हतं, कारण मी जाऊ दिलं नव्हतं. कागदावर ते स्ट्रेचर जगात नव्हतं आणि कागदावर फिटर कधी त्याच्यावर झोपत नव्हता. दोघांचं चांगलं जमलं होतं. कोणाची चाहूल लागली की तो हातात पाना धरून उठायचा, खाली पडलेलं काहीतरी शोधत असल्यासारखा. त्याबद्दल आम्ही आपसात एक शब्दही बोललो नाही.

वर्षअखेरीला अहवाल लिहायचा होता. मी दोनशे चौऱ्याहत्तर दिवसांना सातने गुणलं आणि लिफ्टशेजारच्या फळ्यावर सुबक अक्षरात लिहिलं: 'विनावेतन सेवा, एकूण १९१८ तास.' खाली फिटरचा फोटो. तो फोटो बघायला तो दिवसातून दोनदा काहीतरी निमित्त काढून तिकडून जायचा. मॅडमच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आमच्याकडेच झालं. लिफ्टची वाट बघता बघता त्यांनी फळा वाचला. पेन्शनच्या फायलीतलं आणि फळ्यावरचं नाव एकच निघालं. त्यांची चूक अशी काहीच नाही. गुणाकार माझा होता.

*

आठ दिवसांनी फिटरची बायको आली. लॉन्ड्रीतून तशीच आली होती, अंगाला गरम कपड्यांचा वास. हातातलं पत्र माझ्या टेबलावर ठेवलं.

"वाचा, भाऊजी. मोठ्याने नका वाचू, मला पाठ झालंय."

पेन्शन थांबवली होती. सदर व्यक्ती पूर्णवेळ श्रमाचे काम करीत असल्याचे आढळून आले आहे. बारा दिवसांनी डॉक्टर आणि तपासनीस कामाच्या जागी येऊन प्रत्यक्ष काम पाहतील, त्यावर अंतिम निर्णय होईल.

"गोळ्या अर्ध्या करून खातो आता," ती म्हणाली. "घरमालकाला मी पुढच्या महिन्याचं सांगितलंय. तो महिना येईल तेव्हा काय सांगू ते तुम्हीच सांगा. तुम्हाला काय, फुकटचा माणूस मिळाला. आमच्याकडे काय येतं माहितीये? पाचनंतरचा उरलेला. दारातून आत आला की आडवा. पाण्याची बादली म्हणून सरकवत नाही. मी म्हणते असू दे, दिवसभर तिकडे राबून येतो, त्याचा जीव रमतो. जेवण हातात नेऊन देते. आणि आता हे लोक म्हणतात राबतो तर पेन्शन कशाला? खोटं काय आहे त्यात?"

"वहिनी, राबत नाही तो."

"म्हणजे?"

मी तिला रॅकमागे नेलं. स्ट्रेचर, त्यावर त्याच्या अंगाच्या आकाराचा खळगा पडलेली गादी, उशाला घडी केलेलं ब्लँकेट. चष्मा अडकवायला भिंतीत त्याने ठोकलेला खिळा. मी तिला वीस मिनिटं आणि चाळीस मिनिटं सांगितली. खरा गुणाकार करून दाखवला. दिवसाचे जेमतेम सव्वादोन तास, तेही तुकड्या-तुकड्यांत.

मग वाकून तिने ब्लँकेटची एक सुरकुती तळहाताने सरळ केली. ते तिचं कामच.

"घरीही आडवा आणि इथेही आडवा," ती म्हणाली. "मग येतो कशाला?"

मी मस्टर उघडून दाखवलं. एका खाली एक सह्या, सगळ्या सारख्या, प्रत्येकीखाली छोटी रेघ आणि दोन टिंबं.

"एवढ्यासाठी?"

मी मस्टर मिटलं.

"मला सांगितलं असतं तर मी घरी वही आणून दिली असती."

ती खुर्चीवर बसली. पाच मिनिटांनी उठली तेव्हा आवाज कामाचा झाला होता. "हे लिहून द्या, भाऊजी. जे मला सांगितलंत तेच. शिक्का मारून."

मी लेटरहेड घेतलं. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष होतं. भंगारात काढलेलं स्ट्रेचर स्टोअरमध्ये, त्यावर परवानगी नसलेला बाहेरचा माणूस रोज पाच-पाच तास झोपलेला, आणि स्टोअरकीपर त्याचे १९१८ तास फळ्यावर लिहितो. चौकशी लागली असती. मी तीनदा खोडून शेवटी लिहिलं: 'सदर व्यक्ती कामादरम्यान अधूनमधून विश्रांती घेत असल्याचे निदर्शनास आले आहे.'

तिने वाचलं. "अधूनमधून विश्रांती तर मीही घेते. मला कोण देतं पेन्शन? झोपून असतो असं लिहा ना."

"कशावर झोपतो, ते विचारतील, वहिनी."

तिने रॅककडे बघितलं, मग माझ्याकडे. बाई हुशार आहे. कागदाची चार घड्या करून तिने तो ब्लाउजमध्ये खोचला.

"असू दे. तुम्हालाही घर आहे."

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मला त्या दिवशी जेवण गेलं असतं.

*

फिटर यायचा बंद झाला तशी चाकं बोलायला लागली. आधी औषधांची ट्रॉली, मग नऊ नंबर, मग चौदा नंबर. मी स्टोअरमध्ये बसून नुसत्या आवाजावरून सांगू शकत होतो कोण चाललंय. तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी त्याची काठी वाजली.

मी त्याला समोर बसवलं. "नीट ऐक. उद्या ते काहीतरी दुरुस्त करायला देतील. वीस मिनिटं कर. विसाव्या मिनिटाला ऊठ आणि जाऊन आडवा हो. नाटक करायचं नाहीये. रोज करतोस तेच."

"स्ट्रेचरवर?"

"स्ट्रेचरवर."

"आणि तुमचं रजिस्टर?"

"ते मी बघून घेईन."

हे चार शब्द यायला मला अकरा दिवस लागले होते.

"बायको पण येणार आहे उद्या. म्हणाली, तुम्ही नाही झोपलात तर मी हात धरून झोपवेन." तो हसला, मग पाठीने त्याचं हसू मध्येच तोडलं. "गंमत बघा, साहेब. शाळेत वर्गात झोपलो म्हणून नापास झालो होतो. आता झोपलो नाही तर नापास."

"म्हणून सांगतो, झोप."

"झोपतो हो. बिनकामाचा माणूस आहे हे दाखवायलाच तर बोलावलंय. तेवढं जमेल."

"बिनकामाचा कोण म्हणालं?"

"कागद म्हणतो ना. आणि कागद खरा ठरला पाहिजे, नाहीतर घर जाईल." तो उठला. दारात थांबला. "चौदा नंबर ओरडतेय. ऐकू आलं का?"

*

मॅडम बरोबर अकराला आल्या. सोबत डॉक्टर, तरुण, हसऱ्या चेहऱ्याचा. फिटरने दाढी करून कारखान्यातला निळा शर्ट घातला होता. बायको दारात उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"एखादी मोडकी वस्तू आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

अपघात विभागाच्या सिस्टर चौदा नंबर घेऊन स्वतःच आल्या. पुढची दोन्ही चाकं जाम. "फिटर, हिला तुमच्याशिवाय कोणाचा हातच चालत नाही बघा," त्या कौतुकाने म्हणाल्या आणि निघून गेल्या. मॅडमचं पेन जरासं हललं.

अकरा वाजून पाच मिनिटांनी डॉक्टरांनी मोबाइलवर वेळ लावली. फिटरने चष्मा घातला. पहिलं चाक सुटलं. ब्लेडने तो केसांचा गोळा उलगडायला लागला.

"हे सगळे केस?" डॉक्टर वाकून बघत होते.

"सगळ्या वॉर्डांचे आहेत, डॉक्टर. पेशंट बरा होऊन घरी जातो, केस आमच्याकडे ठेवून जातो."

डॉक्टर मोकळेपणाने हसले. मला तिथेच धास्ती वाटली. या माणसाला कारखाना सुटल्यापासून प्रेक्षक मिळाला नव्हता.

बेअरिंग कसं धुवायचं, ग्रीस किती भरायचं, जास्त भरलं तर धूळ कशी धरते, तो सांगत होता. डॉक्टर विचारत होते. मी घड्याळ बघत होतो. अकरा चोवीस. डावा हात मांडीवर आला. अकरा पंचवीस. बोलणं थांबलं. वरच्या ओठावर घाम आला. मी खोकलो.

तो उठला नाही.

मी पुन्हा खोकलो. दारातून बायको म्हणाली, "अहो."

"झालंच."

दुसरं चाक सुटलं. अकरा तीस. डावा पाय टेबलाखाली थरथरायला लागला. पायाचा आवाज नको म्हणून त्याने उजवा पाय त्याच्यावर ठेवला. चेहऱ्याचा रंग उतरत होता, हात मात्र थरथरत नव्हते. हातांना जणू पाठीची बातमीच पोचली नव्हती.

"अहो, उठा ना," बायको म्हणाली.

"झालंच म्हटलं ना."

"बाई, त्यांना करू द्या," डॉक्टर म्हणाले. "मध्ये बोलू नका."

अकरा चाळीसला एक स्क्रू त्याच्या बोटांतून निसटला, टेबलावरून घरंगळला आणि माझ्या बुटाशी येऊन थांबला. मी तो पायाने रॅकखाली सरकवू शकलो असतो. स्क्रूशिवाय चाक बसलं नसतं, काम अर्धं राहिलं असतं, त्याला उठावंच लागलं असतं. हे सगळं मला त्या क्षणी कळत होतं. पण बत्तीस वर्षं माझ्या स्टोअरमधला स्क्रू हरवलेला नाही. मी वाकलो, उचलला, फुंकर मारली आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

अकरा सत्तेचाळीसला त्याने खुर्ची एका बोटाने ढकलली. ती आवाज न करता गेली आणि दारात बायकोच्या पावलांशी थांबली.

"व्वा," डॉक्टर म्हणाले. "सलग बेचाळीस मिनिटं." त्यांनी फॉर्मवर तसं लिहिलं, सही केली, मॅडमनी सही केली. साक्षीदार म्हणून माझी घेतली. डॉक्टरांना दुसरीकडे जायचं होतं, ते पुढे निघून गेले.

फिटर टेबलाची कड धरून उभा राहिला. सरळ उभा राहिला. मॅडम दारातून वळल्या आणि त्यांनी प्रथमच त्याच्याकडे नीट बघितलं.

"तुम्हाला काही सांगायचंय का?"

मी त्याच्याकडे बघितलं. बायकोने बघितलं.

"नाही, मॅडम," तो म्हणाला. "वर्षभर या चाकाकडे बघायला नको."

त्या गेल्या. त्याने विचारलं, "गेल्या?" आणि मी हो म्हणायच्या आत त्याचे गुडघे मिटले.

आम्ही दोघांनी त्याला काखेत धरून रॅकमागे नेलं. स्ट्रेचरवर ठेवताना तो ओरडला नाही. तोंड उघडलं, आवाज आला नाही. बायकोने माझ्याकडे बघितलं. "धावा. बोलवा त्यांना."

साठीच्या तोंडावर मी धावलो. फाटकाजवळ मॅडम रिक्षाला हात करत होत्या. मी काय बोललो आठवत नाही. त्या परत आल्या, एवढं खरं.

त्या रॅकच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या, तसा फिटर कोपरावर उठायला लागला. शर्टाचं वरचं बटण लावायला हात गेला. बायकोने त्याच्या छातीवर तळहात ठेवून त्याला खाली दाबलं.

"पडून राहा," ती त्याला म्हणाली. मग मॅडमना, "बघा. हे रोजचं आहे. सकाळी हे, दुपारी हे, घरी आला की हे. एवढा पडून असतो तेव्हा कुठे वीस मिनिटं बसता येतं. आता बघा आणि लिहा."

फिटरने तोंड भिंतीकडे केलं. चष्म्याच्या खिळ्याकडे बघत राहिला.

मॅडमनी खळगा पडलेली गादी बघितली, ब्लँकेट बघितलं. "मला दिसतंय," त्या हळू म्हणाल्या. "पण डॉक्टरांचं लिहून झालंय. आणि त्या दिवशी तुमचे स्टोअरकीपर म्हणाले, जिन्याने वर गेलाय."

"तेव्हा तो इथे होता," मी म्हणालो. "याच जागी."

"मग का नाही सांगितलंत?"

डेडस्टॉक रजिस्टर, पान एकशे बारा, स्ट्रेचर एक, निर्लेखित. उत्तर एवढं तयार होतं. मला ते देता आलं नाही.

"अपील करा," मॅडम म्हणाल्या. "मी आज बघितलं ते वेगळं लिहून देईन. त्याचा किती उपयोग होईल, सांगू शकत नाही." जाताना त्यांनी पर्समधली त्यांची पाण्याची बाटली काढली, आणि ती परत रॅकशी आणून स्ट्रेचरजवळ खाली ठेवली.

बायकोने त्याला दोन घोट पाजले. तोंड पुसलं. मग विचारलं, "का नाही उठलात?"

"दोनच स्क्रू राहिले होते," तो म्हणाला.

पाच वाजेपर्यंत तो तिथेच होता, कारण हलता येत नव्हतं. पाचला त्याने मान माझ्याकडे वळवली. "साहेब, मस्टर राहिलं."

"राहू दे आजचं."

"आलो होतो ना."

मी मस्टर आणलं. बसणं शक्य नव्हतं, म्हणून मी ते त्याच्या चेहऱ्यावर उलटं धरलं आणि त्याने खालून वर हात करून सही केली. पेन असं वर तोंड करून धरलं की शाई उतरत नाही. पहिल्या अक्षरालाच ते कोरडं पडलं. चष्मा खिळ्याला होता, त्याला दिसलं नाही. त्याने सगळं नाव काढलं, खाली रेघ मारली, दोन टिंबं दिली.

"उमटली?"

"उमटली," मी म्हणालो.

*

पेन्शन बंद झाल्याचं पत्र पुढच्या महिन्यात आलं. अपील केलं आहे, तारीख लागलेली नाही. त्यांनी भाड्याचं घर सोडलं. आता लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत राहतात, दिवसभर वाफ असते तिथे. बायकोने दुसरी पाळी धरली आहे. मी त्या स्ट्रेचरबद्दल एकपानी खरं पत्र लिहून अपिलाला जोडलं. त्यावर माझी चौकशी चालू आहे. ते असो.

परवा ती आली. वकिलाला त्या दिवसाच्या मस्टरच्या पानाची झेरॉक्स हवी होती.

"कसा आहे?" मी विचारलं.

"आहे. वही आणून दिली मी घरी. रकाने पण आखून दिले." ती थांबली. "हात नाही लावला."

मी व्हरांड्यातल्या यंत्रावर पान ठेवून झेरॉक्स काढली. तिने ती हातात घेतली, सह्यांच्या ओळीवरून बोट खाली आणलं आणि शेवटी थांबली.

"इथे तर काहीच नाही, भाऊजी. त्या दिवशी आला नव्हता असं दिसतंय."

बाहेर सिस्टर चौदा नंबर घेऊन गेल्या. खुर्ची गेलेली मला दिसली, ऐकू आली नाही.

मी मूळ मस्टर उघडून खिडकीपाशी नेलं आणि पान उजेडाला तिरपं धरलं. कागदावर नुसत्या खाचा होत्या. नाव, खाली रेघ, दोन टिंबं. ती जवळ आली. तिने आधी डोळे बारीक केले, मग इस्त्रीने भाजून गुळगुळीत झालेलं बोट त्या जागेवर ठेवलं आणि सावकाश, डावीकडून उजवीकडे, फिरवत नेलं.